गादी निवडताना हात कंबरेखाली घालून पाहा

नवी गादी घ्यायची ठरवण्याआधी दोष गादीचाच आहे ना, हे तपासून घ्या. चादर काढा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरा ताणून धरा आणि जिथे रोज अंग टेकतं तिथे दोऱ्यापासून गादीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. कुणी झोपलेलं नसतानाही अडीच-तीन सेंटिमीटरचा खळगा दिसला तर गादी बसली आहे. खळगा नाही, पण झोपल्यावर मधोमध घसरल्यासारखं वाटतं? मग दोन-तीन रात्री तीच गादी जमिनीवर टाकून झोपा. तिथे झोप बरी लागली तर चूक पलंगाच्या फळ्यांची आहे, आणि नवी गादी त्याच फळ्यांवर टाकलीत तर थोड्याच दिवसांत तक्रार पुन्हा हजर होईल.

तिसरी खूण सकाळची. उठताना कंबर आखडलेली असते आणि हिंडू-फिरू लागल्यावर अर्ध्या तासात मोकळी होते, असं रोज होत असेल तर गादीवर संशय घ्यायला जागा आहे. दिवसभर दुखणारी, पायात कळ किंवा मुंग्या उतरवणारी पाठ मात्र डॉक्टरांना दाखवायची.

मऊपणा वेगळा, आधार वेगळा

गादीला दोन कामं करायची असतात. खांदा, नितंब अशा टोकदार भागांवरचा दाब तिने वाटून घ्यायचा, आणि त्याच वेळी अंगाचा जड भाग खाली जाऊ न देता कणा ओळीत ठेवायचा. पहिलं काम वरच्या पाच-सात सेंटिमीटरचं, दुसरं त्याखालच्या गाभ्याचं. गाभा ठाम आणि वरचा थर मऊ अशी गादी हाताला मऊ लागते, तरी आधार देते. उलट गाभा कच्चा आणि वर कडक थर असेल तर दुकानात ती 'कडक' म्हणून खपते आणि वर्षभरात कंबरेखाली खड्डा पडतो. तळहाताने दाबून गादी पारखता येत नाही ती यामुळेच. हाताला फक्त वरचा थर कळतो.

कडक गादी पाठीला चांगली, हा समज फार जुना आहे. 'द लॅन्सेट'मध्ये २००३ साली स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गादी दिली होती. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला आढळला. फळीसारख्या पृष्ठभागावर कंबरेची नैसर्गिक कमान अधांतरी राहते आणि तिथले स्नायू रात्रभर ताणलेले राहतात, हे लक्षात घेतलं तर यात नवल वाटू नये.

तुमची झोपायची पद्धत आणि वजन यांवर बाकीचं ठरतं. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आत जायला हवा. गेला नाही तर हाताला मुंग्या येतात, रात्रभर कूस बदलत राहावं लागतं. अशांना मध्यम ते थोडी मऊ गादी. उताणं झोपणाऱ्यांना मध्यम कडक. पालथं झोपणाऱ्यांना आणखी कडक, कारण पोट आणि ओटीपोटाचा भार आत रुतला की कंबर मागे वाकते. आता वजन. ५५ किलोच्या आतल्या माणसाला जी गादी कडक वाटते, तीच ९० किलोच्या माणसाला मऊ वाटते, कारण तो तिच्यात जास्त खोल जातो. म्हणून दुसऱ्याने 'झकास आहे' म्हणून सांगितलेली गादी आधी त्याच्या वजनाशी ताडून पाहा. काही विक्रेते कडकपणाला १ ते १० असे आकडे देतात. त्याला सगळ्यांनी मानलेलं एकच माप नाही. एकाचा ६ दुसऱ्याचा ८ असू शकतो.

फोम: वजनकाटा काढा

फोमच्या बाबतीत सगळ्यात मोठा घोळ घनतेचा. घनता, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, याचा कडकपणाशी थेट संबंध नाही. ती सांगते की फोम टिकेल किती. कमी घनतेचा फोमही कडक बनवता येतो आणि बनवतातही. सुरुवातीला तो छान लागतो, मग त्याच्या पेशींच्या भिंती मोडतात आणि जिथे भार पडतो तिथे तो कायमचा दबतो. रोजच्या झोपेसाठी गाभ्याच्या साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमची घनता निदान ३२ असावी, ४० असेल तर उत्तम. मेमरी फोमला हे माप लागू नाही. तो मुळातच जड असतो, आणि त्याची घनता ५०च्या आसपास किंवा वर हवी.

सांगितलेला आकडा खरा आहे का, हे एकाच फोमच्या गादीत घरीही काढता येतं. समजा गादी १९० × १५० × १५ सेंटिमीटरची आहे. मीटरमध्ये १.९ × १.५ × ०.१५, म्हणजे ०.४२७५ घनमीटर. घनता ४० असेल तर नुसत्या फोमचं वजन १७ किलो भरायला हवं. गादीचं एकूण वजन १२ किलो भरलं आणि त्यातले खोळीचे दोनेक किलो वजा केले, तर उरले १०. त्याला ०.४२७५ ने भागा: जेमतेम २३. ही गादी पाहुण्यांच्या खोलीत चालेल, रोजच्या पलंगावर नाही. थरांच्या गादीत हा हिशेब सरासरी देतो, म्हणून तिथे प्रत्येक थराची जाडी आणि घनता वेगवेगळी विचारा. माहितीपत्रकावर थरांची गोंडस नावं असतील आणि एकही आकडा नसेल, तर ती गादी सोडून द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

रीबॉन्डेड फोम म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून, दाबून केलेली लादी. तिची घनता ८० किंवा १००सुद्धा असते. तो आकडा पाहून हुरळून जाऊ नका, तिला पीयू फोमच्या मापाने मोजायचं नसतं. खालचा थर म्हणून ती चांगली, अंगाशी मात्र दगडासारखी लागते.

मेमरी फोमचा जन्म १९६६ साली नासासाठी चाललेल्या विमानातल्या आसनांच्या कामातून झाला. तो उबेने आणि दाबाने हळूहळू अंगाचा आकार घेतो. खांद्याला, नितंबाला याच्याइतका आराम क्वचितच दुसरं काही देतं, आणि शेजारचा उठला-बसला तर कळतही नाही. पण तोच हळूपणा कूस बदलताना आड येतो, थंड खोलीत तो घट्ट होतो, आणि अंगाभोवती हवा खेळायला जागा न उरल्याने उकडतं. जेलचा थर पहिली काही मिनिटं गार लागतो. एकदा तापला की संपलं. ज्यांना मुळातच घाम फार येतो त्यांनी मेमरी फोमचा थर पाच सेंटिमीटरच्या आत ठेवावा किंवा तो टाळावा.

स्प्रिंग, लॅटेक्स आणि बाकीचे

बोनेल स्प्रिंगमध्ये डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीकडे बसलं की दुसरीकडे हालतं. एकट्या झोपणाऱ्याला हरकत नाही. दोघांसाठी पॉकेट स्प्रिंग घ्या. तिथे प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत असते आणि आपापली दबते. हवा खेळती राहणं हा दोन्हींचा मोठा गुण. गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा मात्र उलटा वाचायचा: १३ गेजची तार १५ गेजपेक्षा जाड आणि कडक. स्प्रिंगांची संख्या सांगितली तर ती कोणत्या मापाच्या गादीची आणि वरच्या थरातल्या छोट्या स्प्रिंगा धरून की सोडून, हे विचारा. स्प्रिंगांवरचा फोमचा थर पातळ असेल तर थोड्याच वर्षांत तारा अंगाला जाणवू लागतात. बसते ती बहुतेक वेळा स्प्रिंग नसून हा फोमच असतो.

लॅटेक्स रबराच्या चिकापासून होतं. डनलॉप पद्धतीचं जास्त घट्ट, तलाले पद्धतीचं हलकं आणि एकसारखं. दाबल्याबरोबर उसळून वर येतं, त्यामुळे कूस बदलणं सोपं. फोमइतकं तापत नाही आणि टिकतंही चांगलं. तोटा वजनाचा: दोघांची गादी एकट्याने उचलून फिरवणं जमत नाही. 'नैसर्गिक' लिहिलेलं असलं तरी त्यात कृत्रिम लॅटेक्स किती टक्के मिसळलंय ते विचारा. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

काथ्याची गादी ठाम आणि हवेशीर असते, पण मधे दबली की परत वर येत नाही. वर लॅटेक्सचा किंवा फोमचा थर असेल तरच ती घ्यावी. कापसाची गादी पहिल्या दिवशी उत्तम, नंतर कापूस दबून गठ्ठे होतात. उन्हात टाकणं आणि ठरावीक काळाने पिंजून पुन्हा भरणं ज्यांना जमेल त्यांच्यासाठी ती आजही चांगली आहे.

'ऑर्थोपेडिक' या शब्दाला फार महत्त्व देऊ नका. खोळीवर तो कुणीही छापू शकतो.

मापं

लांबी सगळ्यात उंच माणसापेक्षा १५ सेंटिमीटर जास्त हवी. दोन मोठी माणसं झोपणार असतील तर रुंदी १५० सेंटिमीटरच्या खाली नको. पलंगाला चौकट असेल तर आतून मोजा, कर्णही मोजा. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे आणि नेमक्या मापाची गादी एका कोपऱ्यात अडेल. चारी बाजूंना मिळून एक-दीड सेंटिमीटरची मोकळीक पुरते.

फळ्यांमधली फट फोम आणि लॅटेक्ससाठी सात-आठ सेंटिमीटरच्या वर नसावी, नाहीतर गादी फटीत उतरते. मोठ्या पलंगाला मधोमध जमिनीवर टेकणारा पाय हवाच. सलग प्लायवूड असेल तर त्याला हवेसाठी भोकं पाडून घ्या. दमट हवेत घामाची वाफ खाली अडकते आणि गादीच्या पोटाशी काळी बुरशी धरते.

तान्ह्या बाळासाठी यातलं काही लागू नाही. त्याला सपाट, घट्ट, अजिबात न रुतणारा पृष्ठभाग हवा, आणि गादी व पाळण्याची कड यांत दोन बोटांपेक्षा जास्त फट नको.

झोपून पाहताना

संध्याकाळी दमलेले असताना दुकानात जाऊ नका, तेव्हा काहीही मऊ छान वाटतं. सैल कपडे घाला, स्वतःची उशी न्या, आणि ज्या स्थितीत झोप लागते त्याच स्थितीत निदान १५ मिनिटं पडून राहा. दोघांना झोपायचं असेल तर दोघं एकदमच.

उताणं पडून तळहात कंबरेखाली सरकवा. हात आरपार सहज गेला आणि वर पोकळी उरली, तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. हात घुसतच नाही, घुसवताना कंबर उचलावी लागते, तर मऊ. थोडा अडखळत गेला आणि वर-खाली दोन्हीकडून स्पर्श राहिला, की झालं. कुशीवर असताना पाठीमागून कुणाला तरी फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ, आडवी दिसायला हवी. ती नितंबाकडे खाली उतरली तर नितंब रुततायत. मधे कंबरेपाशी खाली झुकली असेल तर खांदा नि नितंब दोन्ही आत जात नाहीयेत. शेवटी काठावर बसा. काठ पार दबून घसरायला झालं तर गुडघेदुखी असणाऱ्याला रोज उठताना त्रास होईल.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: गादी बदलली की उशीही बदलावी लागू शकते. मऊ गादीत खांदा आत जातो, त्यामुळे डोकं आणि गादी यांतलं अंतर कमी होतं आणि जुनी उशी उंच पडते. नवी गादी आणल्यावर मान धरली तर आधी पातळ उशी घेऊन पाहा. कडक गादीवर याच्या उलट.

घरी आल्यावर

गुंडाळून, दाबून आलेली गादी महिनोन्महिने तशीच ठेवू नका, लवकर उघडा. पूर्ण फुगायला २४ ते ७२ तास लागतात. वास येतो, खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत जातो. खोळीला चेन आहे म्हणून ती काढून धुवायचीच असं नाही; काही गाद्यांत आगीपासून बचावासाठी आत काचतंतूंचं आवरण असतं, आणि ते उघडं पडलं की बारीक तंतू घरभर होतात. आधी लेबल वाचा, आणि वरून धुता येईल असं वेगळं आवरण घाला. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तर चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत.

अंगाला नवी गादी रुळायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून परत करण्याची मुदत निदान महिन्याची असलेली बरी. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करा, मग वर्षातून दोनदा. थर एकाच बाजूने लावलेली गादी उलटी मात्र करू नका.

हमीपत्रात वर्षांचा आकडा शेवटी वाचा. आधी पाहा, किती खोल खळग्याला ते दोष मानतात. बऱ्याच ठिकाणी अडीच ते चार सेंटिमीटर असं लिहिलेलं असतं, आणि त्याहून कमी खळग्यात कंबर दुखली तरी गादी बदलून मिळत नाही. डाग पडला किंवा फळ्यांमधली फट जास्त निघाली तर हमी रद्द, असंही कलम बहुतेकदा असतं. म्हणून आवरण पहिल्या रात्रीपासून घाला, फळ्यांचा मोजपट्टीसकट फोटो काढा, आणि तो पावतीबरोबर ठेवून द्या.