सेकंडहँड गाडीची थरथर आणि एक चिरलेली नळी (माझा अनुभव)

गाडी घेतली तेव्हाच उभी असली की थरथरायची, आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ८०० ते ११०० मध्ये नाचायचा आणि चेक इंजिनचा दिवा कायम लागलेला, विकणाऱ्याने म्हणूनच भाव बराच पाडला होता. सगळे म्हणाले इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) गेले, एकाने तर इंजिन खोलायलाच सांगितलं. म्हटलं थांबा जरा.

स्कॅनर (गाडीतला बिघाड कोडने दाखवणारं यंत्र) लावला तर कोड पी ०१७१, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी. फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय तो आकडा) आयडलला, म्हणजे रेस न देता, +२२ टक्के आणि रेस देऊन २५०० आरपीएमवर धरलं की +४, इथेच डोक्यात आलं की पेट्रोल कमी पडत असतं तर रेसला आकडा वाढला असता, म्हणजे कुठूनतरी चोरून हवा आत जातेय. मग इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) एकेका नळीवर साबणाचं पाणी मारत गेलो (गरम एक्झॉस्टपासून लांब हं), एका बोटभर जाड रबरी नळीवर मारलं आणि आरपीएम एकदम बदलला! वरून ठणठणीत, पण खाली वाकणावर चांगली चिरलेली. नळी बदलली, कोड उडवला, ट्रिम +३ वर.

विकणाऱ्याला अजून सांगितलेलं नाही.