एनपीएसमधील करवजावटीची वार्षिक मर्यादा कशी मोजावी

मार्च उजाडला की सांगलीच्या मार्केट यार्डातील व्यापारी असोत वा साताऱ्यातील शिक्षक, एनपीएसमध्ये, म्हणजे निवृत्तीसाठीच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत, अजून किती भरता येतील, ही विचारणा सुरू होते. वास्तविक टिअर-१, म्हणजे एनपीएसच्या मुख्य निवृत्ती खात्यात, पैसे भरण्याला वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती करपात्र उत्पन्नातून मिळणाऱ्या वजावटीला, आणि ती आपण निवडलेल्या करप्रणालीवर व पैसे कोणी भरले यावर ठरते.

म्हणून आधी करप्रणाली पाहावी. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तीत स्वतः भरलेल्या रकमेवर एका रुपयाचीही वजावट मिळत नाही. नव्या प्रणालीतील व्यापाऱ्याने केवळ कर वाचेल या आशेने मार्चअखेर पैसे अडकवू नयेत.

जुन्या प्रणालीत नोकरदाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के, तर व्यावसायिकाला वजावटींपूर्वीच्या एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. मात्र ती कलम ८०सी (विमा, पीपीएफ यांसारख्या बचतीचे कलम) सह दीड लाखांच्या एकत्रित मर्यादेत बसवावी लागते. कलम ८०सीसीडी(१बी) खालील ५० हजार या मर्यादेबाहेरचे आहेत. समजा, ७ लाख उत्पन्न असलेल्या हळद व्यापाऱ्याचा विमा हप्ता व पीपीएफ मिळून १,१०,००० रुपये झाले आहेत. त्याने एनपीएसमध्ये ९०,००० भरले, तर ५०,००० स्वतंत्र कलमात आणि उरलेले ४०,००० दीड लाखांत बसून पूर्ण रकमेची वजावट मिळते. त्यापुढील भरणा निवृत्तीसाठी उपयोगी, पण त्या वर्षीच्या करासाठी नाही.

एनपीएस लागू असलेल्या शिक्षिकेचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा ८०,००० असेल, तर एनपीएससाठी तिच्या पगारातून होणारी १० टक्के कपात वर्षाला ९६,००० होते. पुष्कळदा ही सगळी रक्कम ८०सी मध्येच दाखवली जाते आणि तिथे गृहकर्जाच्या मुद्दलाने दीड लाख आधीच भरलेले असल्याने ती वाया जाते. यातील ५०,००० स्वतंत्र कलमात दाखवता येतात. त्यासाठी नवे पैसे घालण्याची गरज नाही, आणि माझ्या मते जुन्या प्रणालीतील प्रत्येक नोकरदाराने हे आधी तपासावे.

शासन तिच्या खात्यात भरते तो १४ टक्के हिस्सा, म्हणजे १,३४,४००, दोन्ही प्रणालींत वजा होतो. तो प्रथम वेतनात मिळवला जातो व नंतर वजा होतो, तेव्हा फॉर्म १६ मध्ये, म्हणजे मालकाकडून मिळणाऱ्या वेतन व करकपातीच्या दाखल्यात, दोन्ही नोंदी आहेत ना, हे पाहावे. खासगी नोकरीत ही मर्यादा नव्या प्रणालीत १४ टक्के, जुन्या प्रणालीत १० टक्के आहे. भविष्य निर्वाह निधी, एनपीएस व सुपरअ‍ॅन्युएशन (मालकाचा निवृत्ती निधी) मिळून मालकाचा भरणा वर्षाला साडेसात लाखांवर गेला, तर वरची रक्कम करपात्र ठरते.

न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षी नेता येत नाही. वरील कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत; १ एप्रिल २०२६ पासूनच्या २०२५ च्या कायद्यात त्यांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे त्या तारखेनंतरच्या उत्पन्नाचे विवरणपत्र भरताना नवे क्रमांक पाहून घ्यावेत.