पहिली कमाई, पहिलं रिटर्न: तरुणपणी होणाऱ्या या चुका टाळा

तरुण मंडळी कर चुकवतात, असं सर्रास बोललं जातं. अनेक देशांतल्या सर्वेक्षणांत वयाने मोठे लोक नियम जास्त पाळताना दिसतात, हे खरं आहे. पण त्यावरून आजची पिढीच बेफिकीर ठरवणं घाईचं होईल. एकाच वेळी केलेल्या पाहणीत वयाचा परिणाम किती आणि पिढीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मला तरी यात लबाडीपेक्षा नवखेपणा जास्त दिसतो.

‘मी अजून शिकतोय, मला कसला कर?’ इथूनच गडबड सुरू होते. कर साधारणपणे उत्पन्नावर बसतो, वयावर नाही. विद्यार्थ्यांसाठी एखादी सवलत असली, तरी तिच्या अटी वाचल्याशिवाय ती धरून चालू नका.

दुसरी चूक जास्त महागात पडते: पगारातून कर कापला, म्हणजे विषय संपला असं मानणं. तरुण वयात नोकऱ्या पटापट बदलतात. समजा, वर्षात दोन ठिकाणी काम केलं. पहिल्या कंपनीने फक्त आपला पगार पाहिला, तो करमुक्त मर्यादेच्या आत होता, कपात शून्य. दुसरीनेही तेच केलं. दोन्हींची बेरीज मात्र मर्यादेच्या वर गेली, आणि फरक व्याजासह तुमच्या गळ्यात पडला. नव्या ठिकाणी रुजू होतानाच आधीच्या पगाराचा आणि कपातीचा तपशील द्या. उलटही घडतं. वर्षाच्या मध्येच नोकरी सुटली तर जास्त कर कापला गेलेला असू शकतो. रिटर्न, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचं आणि कराचं विवरणपत्र, भरलंच नाही, तर बऱ्याच ठिकाणी तो परतावा हातचा जातो.

तिसरी गोष्ट फ्रीलान्स कामाची, शिकवण्यांची, ऑनलाइन विक्रीची. डेन्मार्कमधल्या हजारो करदात्यांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्या उत्पन्नाची माहिती मालक किंवा बँक थेट कर खात्याला देते, तिथे चुकवेगिरी जवळजवळ नव्हतीच. जे उत्पन्न स्वतःच सांगायचं होतं, तिथे ती बरीच होती. तरुणांच्या वाट्याला अशी सुटी कामं बरीच येतात, म्हणून केवळ वयाला दोष देणं मला पटत नाही. पण ‘कुणाला कळतंय’ हा भरवसाही आता ठेवू नका. युरोपीय महासंघात २०२३ पासून ऑनलाइन प्लॅटफॉर्मना विक्रेत्यांच्या कमाईची माहिती कर खात्याला द्यावी लागते. पैसे आले की त्याच दिवशी तारीख, रक्कम आणि देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा, कामासाठी केलेल्या खर्चाच्या पावत्यांसकट.

मित्राचं रिटर्न बघून आपलं भरू नका. त्याचं उत्पन्न वेगळं, वजावटी वेगळ्या.

कर खात्याकडे कॉलेजचा ईमेल किंवा जुना नंबर दिलेला असेल, तर तो आजच बदला. नोटीस तिकडेच जाते आणि उत्तराची मुदत तुमच्या नकळत संपते.

मुदत टळलीच असेल तर? नोटिशीची वाट न पाहता स्वतःहून रिटर्न भरा. अनेक देशांत असं केल्यास दंड कमी लागतो. हातात पैसे नाहीत म्हणून रिटर्न अडवून ठेवू नका. न भरलेलं रिटर्न आणि थकलेला कर यांचा दंड बहुधा वेगवेगळा मोजला जातो. हप्ते पाडून मिळतात का, ते कर खात्याला लेखी विचारा आणि अर्जाची पोच जपून ठेवा.