कॉलम नवा, तरी पीक पसरट? एचपीएलसीत या चुका टाळा

एचपीएलसीत नमुना द्रावकासोबत बारीक कण भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, दाबाने ढकलून त्यातले घटक वेगळे करतात; प्रत्येक घटक डिटेक्टरच्या आलेखावर उंचवट्यासारखा उमटतो, तो म्हणजे पीक. गोकुळ शिरगावच्या आमच्या प्रयोगशाळेत ॲसिटोनायट्राइल हे द्रावक वाचवायचं म्हणून २.१ × ५० मिमीचा छोटा कॉलम आणला आणि जुन्याच मशीनवर चढवला. सर्टिफिकेटवर १०,००० प्लेट (पीक किती अरुंद येतं याचं माप, जितक्या जास्त तितकं चांगलं), आमच्या हाती हजारही नाहीत. कॉलम परत पाठवायची तयारी झाली होती. दोष मात्र कॉलमबाहेरच्या जागेत होता.

गणित मांडूनच बघा. या कॉलमात द्रव मावतो जेमतेम ११० मायक्रोलिटर. रिटेंशन फॅक्टर (घटक कॉलममध्ये किती अडकून राहतो याचं माप) १ असलेलं पीक २२० मायक्रोलिटरला बाहेर पडतं. १०,००० प्लेट हव्या असतील, तर त्याचा व्हेरियन्स, म्हणजे पसरणीचं माप, ५ चौरस मायक्रोलिटरच्या आत राहायला हवा. जुन्या मशीनचा इंजेक्टर, नळ्या आणि डिटेक्टर सेल मिळून ५० सहज होतात. व्हेरियन्सची सरळ बेरीज होते, म्हणजे एकूण ५५. प्लेट उरतात ९००च्या आसपास! तेच मशीन ४.६ × २५० कॉलमला लावलं, तर पीकचा स्वतःचा व्हेरियन्सच १,८००च्या घरात असतो. ५०ची भर पडून तीन टक्केही प्लेट जात नाहीत. म्हणून इतकी वर्षं कुणाला काही जाणवत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. आधी येणारी पीक जास्त बिघडलेली आणि उशिराची बरी दिसली, तर संशय कॉलमबाहेर घ्या. कॉलमच खचला असेल तर सहसा सगळीच पीक बिघडतात. खात्रीसाठी कॉलम काढून जागी झिरो डेड व्हॉल्यूम युनियन (आत रिकामी जागा नसलेला जोड) लावा, थोडा नमुना सोडा आणि अर्ध्या उंचीवरची रुंदी मोजा. डेटा रेट (डिटेक्टर सेकंदाला किती वेळा नोंद घेतो तो) मात्र वाढवून ठेवा, नाहीतर डिटेक्टरचाच आळस मोजला जाईल.

नळी बदलताना बहुतेक जण नुसती लांबी कमी करतात. पसरण लांबीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण आतल्या व्यासाच्या चौथ्या घाताने. ०.२५ मिमीची नळी मीटरमागे ४९ मायक्रोलिटर धरते, ०.१२ मिमीची ११. सूत्राप्रमाणे पसरण एकोणिसाव्या हिश्शावर येते. दाबही तितक्याच पटीने वाढतो आणि नळी तुंबते, हे विसरू नका. गुळाचा नमुना तर गाळल्याशिवाय सोडूच नये. शर्करांसाठी आरआय (अपवर्तनांक मोजणारा) डिटेक्टर लागतो, तिथे ग्रेडियंट, म्हणजे द्रावकाचं मिश्रण चालता चालता बदलत नेणं, चालत नाही. त्यामुळे कॉलमच्या आधी झालेली पसरण कॉलमच्या तोंडाशी पुन्हा एकवटण्याची सोयही मिळत नाही.

सगळ्यात जास्त नडतो तो फेरूल, म्हणजे जोडाशी नळीभोवती आवळून बसणारी कडी. एका कॉलमवर आवळून बसलेला स्टीलचा फेरूल दुसऱ्या बनावटीच्या कॉलमला लावला, की नळी आत पुरती टेकत नाही. मिलिमीटरभराची ती पोकळी मिक्सिंग चेंबर बनते आणि टेलिंग सुरू होतं, म्हणजे पीकला मागे शेपूट येतं. कॉलम बदलला की फिटिंग नवं, किंवा हाताने आवळायचं.

ग्रेडियंट मोठ्या कॉलमवर नेताना गोची वेगळी होते. मोटार सुरू केली म्हणून पाणी लगेच शेवटच्या वाफ्यात येत नाही, आधी पाट भरावा लागतो. मिक्सरपासून कॉलमच्या तोंडापर्यंतचा ड्वेल व्हॉल्यूम म्हणजे तोच पाट. ४.६ वरून २१.२ मिमी व्यासावर गेलात, तर प्रवाह आणि नमुना २१ पट होतो. लहान मशीनचा ड्वेल १ मिलि असेल, तर १ मिलि प्रति मिनिट प्रवाहाला ग्रेडियंट मिनिटभर उशिरा पोचतो. मोठ्या मशीनचा ड्वेल ५ मिलि असेल, तर २१ मिलिच्या प्रवाहाला तो १४ सेकंदांतच पोचतो आणि सुरुवातीची पीक एकमेकांवर चढतात. पद्धतीत सुरुवातीला ४६ सेकंदांचा स्थिर टप्पा घाला. मोठ्या मशीनचा ड्वेल प्रमाणापेक्षा जास्त निघाला, तर नमुना उशिरा सोडा.

फ्रॅक्शन (वेगळे झालेले घटक) गोळा करताना डिटेक्टरपासून नळीच्या टोकापर्यंतचा उशीरही धरा. ०.८ मिमीची मीटरभर नळी अर्धा मिलि धरते, म्हणजे २१ मिलिच्या प्रवाहाला दीड सेकंद. रंगीत द्रव सोडून तो टोकाशी कधी दिसतो ते मोजा आणि नळी बदलली की पुन्हा मोजा.