तब्येतीचं कारण सांगून विमानात घेत नाहीत? या चुका टाळा

काउंटरवर “तुम्हाला प्रवास करता येणार नाही” असं ऐकलं की माणसं एक तर आवाज चढवतात, नाही तर “साहेब, जाऊ द्या ना” म्हणत हात जोडतात. दोन्हींत वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि मग काउंटरच बंद होतो. तेवढ्या वेळात दोन गोष्टी मागायच्या असतात: डॉक्टर आणि लेखी कारण.

डॉक्टर न मागता हुज्जत घालणं

मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर इंडिगोने एका अपंग किशोरवयीन मुलाला विमानात चढू दिलं नाही. त्याच विमानाचे प्रवासी असलेले डॉक्टर मदतीला तयार होते, तरीही नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि जुलैमध्ये नियम बदलला. आता अपंगत्व या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही. उड्डाणात तब्येत बिघडेल असं कंपनीला वाटलं, तर डॉक्टरने प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून तो प्रवास करू शकतो की नाही हे स्पष्ट सांगायचं. मगच कंपनीने निर्णय घ्यायचा, आणि तरीही नकार दिला तर लगेच लेखी कारण द्यायचं.

या नियमाला आधीचा इतिहास आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर परिणाम करणारं, मेंदूशी संबंधित अपंगत्व) असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष एका परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. जागेवर बसलेल्या असताना त्यांना स्पाइसजेटच्या विमानातून उतरवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये त्यांना १० लाखांची भरपाई दिली. निकालात ठपका होता तो यावर की त्यांच्याशी कुणी नीट बोललं नाही आणि तपासायला डॉक्टरही बोलावला नाही.

म्हणून काउंटरवर शांतपणे म्हणा, “ड्युटी मॅनेजरना बोलवा, डॉक्टरांकडून तपासणी करा आणि तुमचा निर्णय लेखी द्या.” मोठ्या विमानतळांवर टर्मिनलमध्येच वैद्यकीय कक्ष असतो. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर तिथल्या तिथे कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल टाका: कुणी, किती वाजता, काय कारण सांगितलं. त्यावर वेळेचा शिक्का आपोआप बसतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. डीजीसीएचा हा नियम अपंग आणि हालचालीला मदत लागणाऱ्या प्रवाशांसाठी लिहिलेला आहे. ताप, कांजिण्या, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया अशा वेळी कंपनीच्या वाहतूक अटी आधी लागू होतात. तरीही डॉक्टर आणि लेखी कारण मागायला कुणाची आडकाठी नाही, आणि पुढे तक्रार करायची तर हाच कागद कामाला येतो.

चुकीची भरपाई मागत बसणं

“बोर्डिंग नाकारलं तर २० हजार मिळतात” हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान अर्धवट आहे. ती भरपाई जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेल्यामुळे मागे राहिलेल्या प्रवाशासाठी असते. तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात जागा दिली तर काहीच नाही. २४ तासांच्या आतलं विमान दिलं तर मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १० हजार. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २० हजार. वैद्यकीय कारणाला हा तक्ता लागत नाही, आणि त्यावरून भांडलात तर कर्मचारी तुमची खरी तक्रारही गांभीर्याने घेत नाहीत.

“फिट आहे” एवढंच लिहिलेली चिठ्ठी

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. फॅमिली डॉक्टरांनी लेटरहेडवर एक ओळ खरडलेली असते, तारीख महिन्यापूर्वीची. कंपनीला त्यातून काही कळत नाही, म्हणून ती सुरक्षित बाजू घेते, म्हणजे ‘नाही’ म्हणते.

चिठ्ठीत निदान, सध्याची स्थिती, शस्त्रक्रिया झाली असेल तर तिची तारीख, प्रवासाची तारीख आणि मार्ग, ‘विमानप्रवासास योग्य’ असं स्पष्ट वाक्य, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का हवा. आजार गंभीर असेल तर कंपनीचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म, ज्याला सगळे मेडिफ म्हणतात, डॉक्टरांकडून भरून किमान ४८ तास आधी पाठवा. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तर उडवणाऱ्या कंपनीकडेही तो पोहोचला का ते विचारा.

डॉक्टरांना विमानाविषयी दोन गोष्टी सांगितलेल्या बऱ्या. केबिनमधला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा असतो. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो आणि शरीरात अडकलेली हवा फुगते. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल, डोळ्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा सोडलेला असेल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर कंपनीचा नकार बहुधा रास्त असतो. तिथे हक्काची भाषा करून विमानात बसण्यात शहाणपण नाही. हात-पाय मोडून काल-परवाच पूर्ण प्लास्टर घातलं असेल तरीही तेच, कारण आत सूज वाढायला जागा नसते.

गरोदरपणात २८ आठवड्यांनंतर प्रमाणपत्र जवळ ठेवा. कंपनीगणिक नियम बदलतात, पण एकच बाळ आणि गुंतागुंत नसेल तर ३६ आठवडे, जुळं असेल तर ३२, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. घरचा ऑक्सिजन सिलिंडर घेऊन विमानतळावर जाऊ नका. मान्यताप्राप्त कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन गोळा करून देणारं यंत्र, चालतो, मात्र कंपनीला आधी कळवून, आणि उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट चालेल एवढी बॅटरी घेऊन.

व्हीलचेअर मागताना तिखटमीठ लावणं

अमेरिकेत मुलाकडे निघालेल्या आई-बाबांसाठी, वाटेत भाषेची अडचण नको म्हणून, व्हीलचेअर मागितली जाते. ती सरसकट एकाच प्रकारची नसते: लांब चालता न येणारे, जिने न चढणारे आणि अजिबात चालू न शकणारे अशा तीन नोंदी असतात. तिसरी निवडली की सोबत कोण आहे, स्वतःचं स्वतः करता येतं का, हे प्रश्न येतात. फक्त चढण्या-उतरण्यापुरती मदत हवी असेल तर डीजीसीएच्या नियमानुसार वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येत नाही. पण काउंटरवर कुणी “बाबांना हार्टचा त्रास आहे हो” असं बोलून गेलं की चौकशी सुरू झालीच म्हणून समजा. आजार खरा असेल तर जरूर सांगा, लपवू नका. केवळ सहानुभूतीसाठी मात्र नको.

नकार मिळाल्यावर तसंच घरी येणं

सिस्टीममध्ये तुमची नोंद ‘नो-शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही, अशी झाली तर त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पे, परतीचाही, रद्द होऊ शकतात. निघण्याआधी नोंद दुरुस्त करून घ्या, तारीख बदलून मागा, चेक-इन केलेलं सामान परत घ्या. विनापरतावा तिकीट असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचे वापर शुल्क परत मिळायलाच हवेत.

परदेशातून इथले नियम सांगणं

अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना तिथला अपंग प्रवाशांचा नियम लागू होतो, कंपनी भारतीय असली तरी. तिथे तक्रार निवारण अधिकारी बोलावण्याचा हक्क असतो आणि नकाराचं लेखी कारण १० दिवसांत द्यावं लागतं. युरोपात ६०० युरोंपर्यंतच्या भरपाईचा बोलबाला आहे, पण आरोग्याच्या रास्त कारणावरून दिलेला नकार ‘बोर्डिंग नाकारलं’ याच्या तिथल्या व्याख्येतूनच वगळलेला आहे.

तक्रार थेट एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर)

ती करा हवं तर, पण सोबत कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, लिहा, तिथे दाद नाही मिळाली तर अपिलीय अधिकाऱ्याला, आणि एअरसेवा या विमानप्रवासाच्या तक्रारींसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंद करा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक आयोगात जायला २ वर्षांची मुदत असते. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे विमान दिल्लीत नाकारलं असलं तरी साताऱ्याचा माणूस साताऱ्यातच जाऊ शकतो. बोर्डिंग पास, डॉक्टरांची चिठ्ठी, काउंटरवरून टाकलेला ईमेल आणि नव्या तिकिटाची पावती जोडा.