या चुका टाळा: चेंबरचा नट आणि ऑइलचा नंबर

सर्व्हिसिंग करून गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, आणि त्यातलं ऑइल काढायच्या नटातून ऑइल झिरपत होतं. परत नेली, तर कारागिराने पान्न्यात पाइप घातला आणि नट आणखी आवळला. नट आधी कडक लागला, मग एकदम हलका फिरायला लागला. उघडून पाहिलं तर त्याच्या आट्यांत रुपेरी तार स्प्रिंगसारखी गुंडाळून आलेली. ती तार म्हणजे ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे.

मुळात नट सैल नव्हताच. जुना वायसर परत बसवला होता. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा वायसर पहिल्यांदा आवळताना चेपतो आणि फट बुजवतो. एकदा चेपलेला पुन्हा तितका चेपत नाही. म्हणून ऑइल बदललं की वायसरही नवाच. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी चेंबर घालवू नका.

जोर किती लावायचा, हेही नीट समजून घ्या. मारुतीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये या नटासाठी ३५ न्यूटन-मीटर दिलेले आहेत. म्हणजे २५ सेंटीमीटर लांबीच्या पान्न्याच्या टोकाला साधारण १४ किलोचा जोर. पाइप घालून पान्ना तिप्पट लांब केलात, तर तेवढ्याच हाताने तिप्पट ताकद पडते, आणि पोलादी नटापुढे ॲल्युमिनियमचे आटे टिकत नाहीत. पहिले दोन-तीन फेरे पान्न्याने नको, बोटांनी द्या. बोटांना अडला तर आटा तिरका चढलाय. काढा, पुसा, पुन्हा लावा. आटे गेलेच असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा एम-सील थापून दिवस ढकलू नका. हायवेवर नट गळून पडला तर सगळं ऑइल बघता बघता रिकामं होतं. हेलिकॉइल बसवून घ्या, म्हणजे पोलादाचे नवे आटे मिळतात.

हेच टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं. कव्हर गळतंय म्हणून बोल्ट आवळत सुटतात, आणि वाळलेलं रबरी पॅकिंग आणखीच चिरडतं. तिथे पॅकिंग बदला. ते बोल्ट बारीक असतात, बहुतेक १० न्यूटन-मीटरच्या आसपासचे.

हेड, म्हणजे ब्लॉकवर (इंजिनच्या मुख्य धडावर) बोल्टने बसवलेला वरचा भाग, उघडलं असेल तर मात्र स्वतः उभं राहून विचारा: बोल्ट नवे आहेत का? आजच्या अनेक इंजिनांत हेड बोल्ट आधी ठरावीक जोराने आणि मग ठरावीक कोनात फिरवून आवळतात. त्यात बोल्ट कायमचा ताणला जातो. कंपनीने बदला म्हटलं असेल तर जुने परत वापरायचे नाहीत. आट्यांना ऑइल लावायचं की कोरडे ठेवायचे, हेही मॅन्युअलच सांगतं. आवळण्याचा बहुतेक जोर घर्षणातच जातो. ऑइल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. ब्लॉकच्या भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल, तर बोल्ट आवळताना ब्लॉकला चीर जाऊ शकते.

आता ऑइल. ‘आपल्याकडे ऊन फार, ०डब्ल्यू-२० पाण्यासारखं पातळ पडेल, २०डब्ल्यू-५० टाकून घ्या’ हा सल्ला अजून सर्रास मिळतो. ऐकू नका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. नंतरचा १०० अंशांना मोजलेला दाटपणा सांगतो. इंजिन तापलं की ऑइल साधारण शंभरच्या आसपास असतं, मग बाहेर मे महिन्यातलं नागपूर असो की जानेवारीतलं महाबळेश्वर. कंपनीने बेअरिंगच्या फटी आणि ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह टायमिंगची रचना मॅन्युअलमध्ये दिलेल्या ऑइलच्या आकड्यासाठी बनवलेली असते. दाट ऑइलने ॲव्हरेज घटतं आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऑइल वर पोचायला वेळ लागतो. जुनं इंजिन ऑइल पीत असेल तर एक पायरी दाट चालेल, पण मॅन्युअलच्या तक्त्यात ते असलं तरच.

बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. तिथे डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-३० बघून भागत नाही. एसीइए या युरोपियन मानकाचं सी२ किंवा सी३, जे मॅन्युअलमध्ये असेल तेच घ्या. साध्या ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साचत राहते. अशा गाडीत गेजवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी आपोआप वाढलेली दिसली तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांना हा त्रास जास्त. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल तर गाडी चालवत राहू नका, ऑइल बदला. नवं ऑइलही त्या खुणेच्या वर भरू नका. क्रँक त्यात आपटून फेस करतो आणि फेस पंपाला उचलता येत नाही.

गाडीचं उरलेलं ऑइल बाइकमध्येही ओतू नका. बहुतेक बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्याला डब्यावर जेएएसओ एमए (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलंच लागतं, नाहीतर तो घसरतो.

नवा फिल्टर बसवण्याआधी जुन्याचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. सगळं झालं की इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, गेज बघा, आणि टॉर्च घेऊन एकदा खाली वाका: फिल्टरची कड आणि चेंबरचा नट, दोन्ही कोरडे असायला हवेत.