मेलेलं जनावर उघड्यावर टाकताय? गिधाडांच्या जिवावर उठणाऱ्या या चुका टाळा

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. रोगाची साथ असेल असा आधी सगळ्यांचा अंदाज होता. कारण निघालं गोठ्यात: गुरांना सूज-तापावर टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक. २००६ साली त्याच्या जनावरांवरील वापरावर बंदी आली, पण चुका अजून होतातच.

शेवटचं इंजेक्शन

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बऱ्या होणाऱ्या गाईच्या अंगातून औषध काही दिवसांत निघून जातं, गिधाडाचा त्याच्याशी संबंधच येत नाही. पण जनावर वाचणार नाही हे दिसत असताना 'काहीतरी टोचा हो डॉक्टर' म्हणून दिलेलं औषध, दोन-तीन दिवसांत जनावर गेलं की त्याच्या यकृतात आणि मूत्रपिंडात तसंच राहतं. ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तात युरिक आम्ल साचतं आणि आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर चढतो. एका मढ्यावर अख्खा थवा बसतो, त्यामुळे शंभरात एकाहून कमी मढी बाधित असली तरी एवढी घट होऊ शकते, असं गणित संशोधकांनी मांडलं आहे. त्यात गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. भरपाई होणार कशी?

कंपनीचं नाव पाहून बाटली घेणं

नाव नको, सूज-तापाच्या औषधावरचा बारीक अक्षरातला घटक वाचा. असेक्लोफेनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचंच डायक्लोफेनॅक होतं. केटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. या दोन्हींवर २०२३ मध्ये बंदी आली, पुढे निमेसुलाइडवरही. फ्लुनिक्सिनही टाळा. पशुवैद्यकाकडे मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरलेलं आहे. नेहमीची मात्रा दर किलो वजनामागे ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० किलोच्या गाईला १५० मिलिग्रॅम. ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या बाटलीतून हे ३० मिलिलिटर होतात. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. अंदाजाने कमी दिलं तर गुण येत नाही आणि मग गडी पुन्हा जुन्या औषधाकडे वळतो.

माणसांची बाटली गुरांना

माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक मोठ्या बाटलीत मिळायचं तोवर ते सर्रास गोठ्यात जात होतं. म्हणून २०१५ पासून ते ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेच्या बाटलीत विकायचं बंधन आहे. एका गाईला अशा तीन-चार बाटल्या फोडाव्या लागतात, तरी लोक फोडतात. मेडिकलवाल्याने 'गुराला हवंय' हे ऐकलं की तिथेच नाही म्हणावं.

मढ्यावर कीटकनाशक

भटकी कुत्री किंवा बिबट्या मारायला मढ्यावर विष टाकलं की त्यावर गिधाडं, कोल्हे, घारी सगळेच मरतात. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

टाकायचं कुठे

शेवटच्या आठवड्यात कोणतं औषध दिलं ते माहीत नसेल, तर ते जनावर उघड्यावर नको. विहीर-ओढ्यापासून लांब, सहा फूट खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरा. गिधाड उपाहारगृहाला, म्हणजे गिधाडांसाठी सुरक्षित मढी ठेवली जातात त्या जागेला, द्यायचं असेल तर औषधाची चिठ्ठी सोबत द्या. चिठ्ठी नसेल तर जनावर तिथे पाठवूच नका.